यमूच्या काळजाचे दोन फोटो

बारामती-इंदापूरकडे कोणी हौसेने फिरायला जात नाही. लोक जातात ते गुळाच्या, सोयरिकीच्या नाहीतर कोर्टाच्या कामाला. मी गेलो तो माझ्या धाकट्या बहिणीचे काळीज कितपत बरे झाले ते बघायला. तो मुलूख मी मन लावून पाहिला असे म्हणवत नाही, पण जे दिसले ते विसरताही येत नाही. म्हणून लिहितो.

यमूला जन्मापासून धाप लागायची. आईच्या पोटात असताना प्रत्येक बाळाच्या हृदयाजवळ एक नळी उघडी असते आणि जन्मल्यावर ती आपोआप मिटते. यमूची मिटली नव्हती. शरीराकडे निघालेल्या रक्तातले बरेचसे त्या वाटेने परत फुप्फुसात जायचे आणि हृदयाला तेच काम पुन्हा करावे लागायचे. तिच्या पाठीला कान लावला की आत सतत घरघर ऐकू यायची, लांब कुठेतरी पिठाची गिरणी चालू असावी तशी. हे सगळे आम्हाला कळले तेव्हा तिचे लग्न होऊन बरीच वर्षे झाली होती. मुंबईच्या डॉक्टरांनी बरगड्यांमधून आत जाऊन ती नळी बांधली. सासरचे, माहेरचे, कोणीच या शस्त्रक्रियेला तयार नव्हते. मी शाळामास्तर. चार मासिके वाचतो, वाद घालता येतो. मी सर्वांना गप्प केले आणि तिला मुंबईला नेले.

घरी पाठवताना डॉक्टरांनी बजावले होते, की दोन वर्षे मूल होऊ देऊ नका. मग छातीचा नवा फोटो काढा आणि जुन्याच्या शेजारी धरून बघा. फुगलेले हृदय आकसले असेल तर पुढचे बोलू. त्या दोन वर्षांचा शेवट आला होता. बारामतीत एका डॉक्टरांनी फोटो काढण्याचे यंत्र आणल्याचे कळले, तेव्हा मुंबईची खेप वाचली या आनंदात मी शाळेतून रजा घेतली.

बारामतीहून पुढे

दौंडहून बारामतीला छोट्या गाडीने पोचलो. स्टेशनच्या भिंतीवर डांबराने 'संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' असे लिहिले होते आणि त्याखाली एक म्हातारी बोरे विकत बसली होती. तिथून वालचंदनगरच्या बाजूला जाणारी एस.टी. मिळाली. जुना फोटो मी पुठ्ठ्यात घालून धोतराच्या फडक्यात गुंडाळला होता. तो मांडीवर उभा धरून बसलो, तर शेजारच्या मुंडासेवाल्या आबांना राहवेना.

"काय वं त्ये? आरसा हाय का?"

"फोटो आहे."

"कुनाचा? फुडाऱ्याचा?"

"माझ्या बहिणीचा. छातीचा."

हे मी बोलायला नको होते. पुढच्या बाकावरच्या दोन बायका वळल्या. आबांनी फडके सोडायलाच लावले. मी फोटो खिडकीच्या उजेडात धरला. काळ्या काचेसारख्या त्या पट्टीवर पांढऱ्या बरगड्या आणि मधोमध डावीकडे कललेली यमूच्या हृदयाची मोठी सावली.

"आगंबया! नुसती हाडंच की," एक बाई म्हणाली. "बाई कुठं गेली?"

आबांनी आवाज खाली आणून विचारले, "जिती हाय न्हवं?"

"आहे तर! घागरी वाहते आता," मी म्हणालो. तेव्हा मला ते नुसते यमूने कळवले म्हणून ठाऊक होते, तरी मी ते असे म्हणालो जणू डोळ्यांनी पाहिले आहे. गाडीतल्या सगळ्यांनी मला शाबासकी दिली आणि मी ती घेतली.

वालचंदनगर जवळ आले तसा मळीचा आंबूस वास आला. कारखान्याकडे जाणाऱ्या उसाच्या गाड्यांची रांग रस्त्याच्या कडेने लागली होती आणि कंपनीच्या लोकांची एकसारखी घरे, त्यांच्या दारातल्या जास्वंदी, सगळे आखून काढल्यासारखे दिसत होते. यमूचे यजमान, सोपानराव, बैलगाडी घेऊन रस्त्यावर उभे होते. मी उतरताना फोटो त्यांच्या हाती दिला, तर त्यांनी तो वैरणीवर ठेवला आणि बैलाने त्या फडक्याचा कोपरा चघळायला घेतला. सोपानरावांनी ओढून सोडवला.

"ह्या बैलाला शिकायची लई हाव," ते म्हणाले. "मास्तर दिसला की कागुद खातोय."

वरकुटे

उसाचा पट्टा मागे पडला की जमीन एकदम उघडी होते. माळ, बाभळी, मध्येच विहिरीच्या पाण्यावर हिरवे केलेले तुकडे. वरकुट्यात सोपानरावांचा असाच एक तुकडा आहे. त्यात वांगी, मिरची, कांदा, कडेने लिंबोणी. माल इंदापूरच्या बाजाराला जातो. विहिरीवर त्यांचे स्वतःचे तेलावरचे इंजिन आहे, आणि आसपासच्या गावांत कोणाचे इंजिन बिघडले की त्यांनाच बोलावणे येते.

आम्ही दारात पोचलो तेव्हा यमू विहिरीकडून येत होती. डोक्यावर घागर, कमरेवर दुसरी. मला पाहून ती थांबली नाही, उलट मुद्दाम झपझप चालत आली, घागरी उतरवल्या आणि पदराने तोंड पुसत म्हणाली, "बघ!"

मी बघतच राहिलो. पुण्याला आमच्याकडे हिला कोणी पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू दिला नव्हता. आई तिला बाजेवर बसवून ठेवायची आणि आम्ही भावंडे तिच्या समोर खेळायचो. शाळेच्या पायऱ्या चढवत नाहीत म्हणून तिचे शिक्षण दुसरीत थांबले. ती आता माझ्यासमोर दोन घागरी उतरवून हसत उभी होती. माझे डोळे भरून आले. हे आपण केले, असे मला वाटले. ते वाटणे किती गोड होते हे मी कबूल करतो.

सोपानरावांच्या आईला सगळे जिजी म्हणतात. जिजींनी गूळ-पाणी दिले. आमच्याकडे पाहुण्याला आधी चहा विचारतात. तिथे गूळ खाल्ल्याशिवाय पाहुणा आला असे धरतच नाहीत. रात्री चुलीपुढे बाजरीची भाकरी, वांग्याचे कालवण आणि मिरचीचा ठेचा. ठेच्याने माझ्या नाकाडोळ्यांतून पाणी आले तेव्हा जिजी म्हणाल्या, "पुन्याची मानसं लई मऊ. आमची यमी बगा आता. आली तवा काटकी हुती. आता पाय बगा कसं भरल्यात, जोडवी सुदिक रुतत्यात. काढून ठिवली म्या."

यमूने लाजून पाय लुगड्याखाली घेतले. पाय खरेच भरले होते. मला बरे वाटले.

विहिरीवर

दुसऱ्या दिवशी सोपानरावांनी मला त्यांचे इंजिन दाखवले. मी विचारले, यमूला एवढ्या कामाची सवय कशी लागली? त्यांनी हातातली चिंधी खांद्यावर टाकली आणि एखाद्या मोठ्या कारागिराला ऐकवावे तसे सांगू लागले.

"मास्तर, इंजिन खोललं, नव्या रिंगा टाकल्या, तर लगीच ताणायचं न्हाय. आदी रिकामं फिरवायचं. मंग पाव लोड, मंग आर्दा. आन् मंग पुरा लोड द्यायचाच. भ्याला आन् हलकंच ठेवलं, तर रिंगा बसत न्हाईत. इंजिन त्याल पितं, धूर वकतं. लई जनांनी अशी चांगली इंजिनं लाडानं वाया घालवल्यात."

"मग?"

"मंग हिचंबी तसंच केलं. म्हंजे मुंबईवरनं आली तवा आदी नुसती दारापतूर चालवली. मंग तांब्या. मंग कळशी. कळशीवर दोन म्हैनं ठिवली. दिवाळीला घागर दिली. आता दोन देतो. वांग्याची पाटी घिऊन रस्त्यापतूर जाती. गावातली मानसं मला हसत्यात, सोपान्यानं बायकू नव्या इंजिनावानी रनिंगला लावलीया म्हनत्यात. हसू द्या." त्यांनी खांद्यावरची चिंधी पुन्हा हातात घेतली. "म्या कवा तिला दमवली न्हाय, मास्तर. धाप लागली की थांबवतो, निवू देतो, मंग पुन्हा. बरूबर हाय न्हवं?"

मला ते फार शहाणपणाचे वाटले. आमच्या घरी प्रेमाने तिला बाजेवर डांबले आणि या माणसाने प्रेमाने तिला चालवले, असे काहीसे एक सुंदर वाक्यही माझ्या मनात तयार झाले.

"अगदी बरोबर आहे," मी म्हणालो. "असंच चालू ठेवा."

त्यांचा चेहरा उजळला. आपण केलेल्या कामावर कोणी शिकलेल्या माणसाने शिक्का मारावा, याची ते दोन वर्षे वाट पाहत होते हे मला दिसले.

माळावर

दुपारी यमू मला ज्वारीच्या शेतात हुरडा खायला घेऊन निघाली. शेत माळाच्या पलीकडे. ती पुढे, मी मागे. मी खुर्चीत बसून फळ्याकडे हात करणारा माणूस, चढावर माझाच दम गेला. ती वर उभी राहून टाळ्या वाजवू लागली.

"दादा, आता तूच बस बाजंवर! मी तुला पंख्यानं वारा घालते."

आम्ही हसत सुटलो. हसताना तिला खोकला आला, बराच वेळ आला. ती वाकून गुडघ्यांवर हात ठेवून उभी राहिली. तोंड वर केले तेव्हा तिचे ओठ काळसर जांभळे दिसले. तिकडच्या बायका तंबाखू भाजून तिची मिस्री दातांना लावतात, त्याने ओठ काळवंडतात. मी लगेच मास्तर झालो.

"यमे, मिस्रीची सवय लागली का तुला? तोंड बघ कसं झालंय."

"न्हाय रे दादा. जिजी लावत्यात. मी न्हाय लावत."

"खोटं बोलू नकोस."

"तुजी शपथ," ती म्हणाली. माझा विश्वास बसला नाही.

हुरडा भाजून होईपर्यंत ती काडीने मातीत रेघा ओढत बसली होती. मग माझ्याकडे न पाहता म्हणाली, "उद्या फोटो चांगला आला, की मग अडचन न्हाय ना?"

"चांगलाच येणार."

"जिजींना नातू पायजे. मला काय बी चालंल. नुसतं त्येला धाप लागू ने." आणि थोड्या वेळाने, "दादा, आधी रात्री आतली घरघर ऐकू यायची मला. ती बंद झाली तर झोप येईना. एवढं रिकामं वाटायचं. मी ह्यांना म्हनलं, घरात काय तरी आवाज पायजे. तर हे म्हनतात, पोर झालं की व्हईल."

ती तळहातावर हुरडा चोळत होती, फुंकर मारून कोंडा उडवत होती. मला तिच्या फुंकरीत काही कमी दिसले नाही. खरे म्हणजे मी बघत नव्हतो. उद्याचा फोटो मी मनात कधीच काढून ठेवला होता, त्यात सगळे चांगले होते.

पुन्हा बारामती

तिसऱ्या दिवशी सोपानरावांच्या गाडीतून रस्त्यापर्यंत आणि तिथून एस.टी.ने आम्ही तिघे बारामतीला आलो. यमूने लग्नातले हिरवे लुगडे नेसले होते. डॉक्टर तरुण होते, मुंबईत शिकलेले, कमी बोलणारे. त्यांनी तिच्या छातीला स्टेथोस्कोप लावून बराच वेळ ऐकले. मानेवरची शीर पाहिली. मग तिची नडगी अंगठ्याने दाबली आणि अंगठा काढला. तिथे खळगा पडला आणि तसाच राहिला. आम्ही सगळे त्या खळग्याकडे बघत होतो. यमूला मात्र गंमत वाटली.

"कणकंसारखी झालीय मी," ती म्हणाली.

फोटो काढून झाला. तो धुऊन वाळेपर्यंत आम्ही बाहेरच्या बाकावर बसून भेळ खाल्ली. मग डॉक्टरांनी आम्हा दोघा पुरुषांना आत बोलावले. यमू उठू लागली तर ते म्हणाले, "तुम्ही बसा." ती बसली.

आत दोन्ही फोटो उजेडापुढे शेजारी टांगले होते. मी एकदम म्हणालो, "कमी झालंय की!" खरेच, हृदयाच्या सावलीची जी डावी कड जुन्या फोटोत काखेपर्यंत गेली होती, ती नव्यात थोडी आत आली होती. सोपानरावांनी माझा दंड धरला.

"डावी बाजू थोडी उतरली आहे," डॉक्टर म्हणाले. "नळी बांधल्याचा तेवढा उपयोग झाला. आता ही उजवी बाजू बघा. आणि ही फुप्फुसाकडे जाणारी मोठी रक्तवाहिनी, केवढी फुगली आहे. लहानपणी नळी बांधली तर हृदय वर्षभरात पूर्वपदावर येतं. यांच्या फुप्फुसात सव्वीस वर्षं जास्तीचं रक्त जोराने शिरत होतं. तिथल्या बारीक वाहिन्या जाड आणि कडक झाल्या. नळी बंद झाली, पण त्या पुन्हा मऊ होत नाहीत. आता हृदयाच्या उजव्या बाजूला त्या कडक वाहिन्यांतून रक्त ढकलावं लागतंय आणि ती थकत चालली आहे. पायाची सूज त्याचीच. ओठही बघितले असतील तुम्ही."

मी बघितले होते.

"आन् कामामुळं?" सोपानरावांनी विचारले. "म्या तिला... घागर... पुरा लोड..." मग त्यांनी सगळे सांगितले, तांब्यापासून वांग्याच्या पाटीपर्यंत.

डॉक्टर ऐकत राहिले. "कामामुळे हे सुरू झालं असं मी म्हणणार नाही. आधीपासूनच होतं. पण या हृदयाला ओझं नको होतं. किती फरक पडला, ते मला सांगता येणार नाही."

"आणि मूल?" मी विचारले.

"नाही. बाळंतपणात या वाचणार नाहीत. हे स्पष्ट सांगायलाच हवं."

"नुसतं जपलं तर किती...?"

डॉक्टरांनी दोन्ही फोटो काढून पाकिटात घातले. "जपा," एवढेच म्हणाले. त्यांनी एक औषध लिहून दिले आणि जेवणातले मीठ बंद करायला सांगितले.

शस्त्रक्रिया केली नसती तर काय झाले असते, हे मला त्यांना विचारायचे होते. मी विचारले नाही. उत्तर कोणतेही आले असते तरी मला ते सोसले नसते.

बाहेर येण्याआधी बोळात सोपानराव थांबले. मी त्यांचे डोळे टाळत होतो, पण ते माझ्या समोरच येऊन उभे राहिले.

"मास्तर, काल विहिरीवर म्या तुमास्नी इचारलं हुतं."

"हो."

"मला काय, अडानी मानसाला, इंजिनाच्या पल्याड कळत न्हाय. म्हनून तर इचारलं. मंग तुमी व्हय का म्हनला?"

त्यांच्या आवाजात राग असता तर बरे झाले असते. ते खरोखरच विचारत होते. मला का माहीत नव्हते, आणि नव्हते तर मी तसे का म्हणालो नाही, हे त्यांना कळत नव्हते.

"तिला तुमी सांगा," शेवटी ते म्हणाले. "माज्यानं व्हायचं न्हाय. तुमचं ती ऐकती."

"सांगतो," मी म्हणालो.

स्टेशन

माझी गाडी लागलेली होती. सोपानराव चहा आणतो म्हणून गेले. चहाची गाडी समोरच होती, पण ते तिला ओलांडून पार फाटकापर्यंत गेले. मला वेळ मिळावा म्हणून.

यमू माझ्या डब्याच्या खिडकीपाशी उभी होती. तिने लुगड्याचा पदर नीट केला. "काय म्हनले डॉक्टर? हे काय बोलंनात."

वाटेत मी वाक्ये जुळवली होती. धीराची, देवाची, दत्तकाची. तिच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि त्यातले एकही तोंडून निघेना.

"थोडं थांबा म्हणाले," मी म्हणालो.

"म्हंजे किती?"

"वर्षभर."

तिने श्वास सोडला. तिला एवढा आनंद झाला की ती खिडकीच्या गजाला धरून हसली. "वर्सच ना! मला वाटलं काय तरी वाईटच निघालं. हे तोंड पाडून बसले, घाबरटच हायेत. जिजींना सांगते, पुढल्या संक्रांतीपतूर कळ काढा म्हनावं."

"काम मात्र कमी कर. मीठ खाऊ नकोस. औषध घे."

"घेते की. सगळं घेते."

शिट्टी झाली. सोपानराव चहाचे दोन पेले सांभाळत परत आले. त्यांनी यमूकडे पाहिले. ती हसत होती. मग त्यांनी माझ्याकडे पाहिले. त्या नजरेतून मी काय केले आहे ते मला जसे कळले, तसे कोणी शिव्या देऊन सांगितले असते तरी कळले नसते. आता खरे काय ते तिला सांगणे सोपानरावांवर आले होते, आज रात्री नाहीतर उद्या, आणि तेही तिने जिजींना संक्रांतीचे सांगितल्यानंतर.

गाडी हलली. ती गाडी निघताना फार सावकाश निघते. यमू खिडकीबरोबर चालू लागली, मग भरभर चालू लागली.

"दादा, बारशाला यायचं हं! वैनीला घेऊन! नक्की?"

"थांब यमू," म्हणायला मी तोंड उघडले. फलाटाच्या टोकाला ती धावत होती, एक हात छातीवर, ओठ तसेच जांभळे.

"नक्की," मी म्हणालो.

बारामती पुण्याहून लांब नाही. सकाळी निघाले तर दुपारी पोचता येते, आणि वरकुट्याला जायला रस्त्यावर कोणाची तरी बैलगाडी मिळतेच. मी अजून गेलेलो नाही.